खानदेशातील शाळेत नव्याने रुजू होताना: विद्यार्थ्यांशी दुतर्फा नाते कसे बांधावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळेत, आश्रमशाळेत किंवा खेड्यातील विद्यालयात पहिल्यांदाच रुजू होणाऱ्या शिक्षकाकडे विषयाचे ज्ञान असते आणि पाठ घेण्याचा थोडाफार सरावही असतो. पण पहिले काही महिने वर्ग गप्प का बसतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग तो आपल्या परीने कारणे शोधतो. मुले बुजरी आहेत, घरी अभ्यास होत नाही, पालक लक्ष देत नाहीत, अशी त्याची समजूत होते आणि ती बहुधा कायमची टिकते. मी सपाटीवरच्या आणि सातपुड्याच्या कुशीतल्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या गावांत शिकवले आहे. माझे अनुभवाने झालेले मत असे आहे की वर्ग गप्प बसतो तो मुख्यतः तिथला व्यवहार एकतर्फी असल्यामुळे. शिक्षक देतो आणि मुले घेतात. शिक्षक विचारतो आणि मुले सांगतात. शिक्षकाला ठाऊक नसलेली आणि त्याला मनापासून हवी असलेली एकही गोष्ट आपल्याकडे नाही, हेच मूल रोज अनुभवत असते. हे बदलायचे असेल तर शिक्षकाने मुलांकडून काही घेतले पाहिजे, घेतल्याचे वर्गासमोर मान्य केले पाहिजे आणि त्या घेतलेल्याचा उपयोग मुलांच्या डोळ्यांना दिसला पाहिजे.

हे काम फावल्या वेळचे नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भीती, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे, त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे आणि शक्य तोवर त्याच्या मातृभाषेतून शिकवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून ‘अभ्यासक्रम आधी पूर्ण करू, नाते नंतर पाहू’ असा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नका. नाते जुळले नाही तर अभ्यासक्रम वहीत पूर्ण होतो, मुलांपर्यंत पोहोचत नाही.

१. रुजू झाल्यावर प्रथम काय हाताशी घ्यावे

मुख्याध्यापकांकडून पुढील कागदपत्रे मागून घ्या आणि निवांत वाचा:

- चालू व मागील वर्षाचे हजेरीपत्रक. कोणते मूल कोणत्या महिन्यांत गैरहजर राहते हे त्यातून कळते.
- जनरल रजिस्टर. मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आधीची शाळा त्यात असते.
- सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आणि प्रगतिपत्रके.
- शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे गावाचे म्हणणे तिथे उमटलेले असते.
- स्थलांतरित विद्यार्थ्यांची यादी आणि पूर्वी दिलेली शिक्षण हमी कार्डे (मूल पालकांबरोबर बाहेरगावी गेले तर तिथल्या शाळेत दाखवायची कार्डे).

याखेरीज स्वतःच्या दोन वह्या ठेवा. एक शब्दांची आणि एक मुलांविषयीच्या नोंदींची. दुसरी वही शाळेच्या दप्तराचा भाग नाही, ती कुठेही उघडी पडू देऊ नका. गावाचा हाताने काढलेला नकाशाही लागेल, पण तो आत्ता काढू नका; पुढे मुलांकडूनच काढून घ्यायचा आहे.

वर्णनात्मक नोंदी वाचताना एक पथ्य पाळा. आधीच्या शिक्षकाने एखाद्या मुलाविषयी ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘उद्धट’ असे लिहिले असेल, तर ते मत म्हणून वाचा आणि मुलाला स्वतः भेटेपर्यंत बाजूला ठेवा.

२. नावे शिका आणि स्वतःची ओळख द्या

हजेरीपत्रकातले नाव आणि घरातले नाव पुष्कळदा वेगळे असते. नाव नोंदवताना कुणीतरी ते ‘सुधारून’ लिहिलेले असते आणि मूल पहिलीत आल्यावर त्या नावाला ओ देत नाही, मग ते मंद आहे असा समज होतो. प्रत्येक मुलाला विचारा की तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, आणि ते नाव त्याच्यासारखे उच्चारता येईपर्यंत त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या. तुम्ही त्याच्याकडून घेतलेली ही पहिली गोष्ट आहे. मात्र घरातले एखादे टोपणनाव चिडवण्याचे असू शकते. मूल संकोचले तर ते नाव वापरू नका.

त्याच दिवशी मुलांनाही तुम्हाला प्रश्न विचारू द्या. तुमचे गाव कोणते, तिथे पाऊस किती पडतो, घरी कोण असते, तुम्ही शाळेत असताना कोणता विषय अवघड वाटायचा, असे ते विचारतील; काही प्रश्न तुम्हाला नको असतील तर ‘हे मी सांगणार नाही’ असे शांतपणे म्हणा. मुलांनाही पुढे तसेच म्हणण्याची मुभा आहे, हे त्यांना त्यातून समजते.

येथे एक गैरसमज हमखास होतो. अहिराणी, भिली आणि पावरी बोलणाऱ्या अनेक घरांत आईवडिलांना आणि आजोबांनाही एकेरीच संबोधतात. त्या घरातले मूल तुम्हाला ‘सर, तू कवा येशी?’ असे विचारील. त्यात अनादराचा लवलेशही नसतो. ते तुम्हाला घरच्या माणसाच्या जागी धरून बोलत असते. पहिल्याच महिन्यात त्याला यावरून दटावले तर ते पुन्हा आपणहून बोलायला येणार नाही. आदरार्थी बोलणे हा प्रमाण मराठीचा भाग म्हणून, संवादपाठाच्या वेळी, सगळ्या वर्गाला सावकाश शिकवता येते.

३. मुलांच्या भाषेचे विद्यार्थी व्हा

सगळ्या पायऱ्यांत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

खानदेशाची भाषा म्हणजे अहिराणी, असे बाहेरून आलेला शिक्षक धरून चालतो. धुळे जिल्ह्यात आणि जळगावच्या मोठ्या भागात ते खरेही आहे. परंतु रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात घरोघरी लेवा बोली आहे, शहादा-तळोदा परिसरातल्या गुर्जर घरांत गुजरी आहे, धडगावात आणि शिरपूर-चोपड्याच्या डोंगराकडच्या गावांत पावरी आहे, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भिलीची वेगवेगळी रूपे आहेत आणि नवापूरकडे मावची व कोकणी आहे. एकाच वर्गात यांपैकी दोन-तीन भाषा असणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: घरी आजीशी कसे बोलता? ‘तुमची मातृभाषा कोणती?’ या प्रश्नाला बहुतेक मुले ‘मराठी’ असेच उत्तर देतात, कारण शाळेत तेच उत्तर अपेक्षित आहे असे त्यांना वाटते.

त्यानंतर शब्दांच्या वहीत तीन रकाने आखा: मुलांचा शब्द, प्रमाण मराठी शब्द आणि तो कुणी सांगितला त्याचे नाव. तिसरा रकाना टाळू नका. ज्याने शब्द दिला त्याचे नाव लिहिले जाते हे मुलांना कळले की वर्गातले सर्वांत अबोल मूलही एखादा शब्द घेऊन येते. दररोज शेवटच्या तासाला पाच मिनिटे त्या दिवशीचे शब्द तुम्ही मोठ्याने म्हणा आणि मुलांना तुमचा उच्चार तपासू द्या. तुम्ही चुकाल, मुले हसतील, आणि त्या हसण्याला काही हरकत नाही. चुकूनही शिकत राहता येते हे मुलांना शिक्षकाकडे पाहूनच सर्वांत लवकर पटते. काही आठवड्यांनी त्याच शब्दांची एक छोटी वाक्ये-परीक्षा मुलांनी तुमची घ्यावी आणि गुण द्यावेत. त्या गुणांचा कागद भिंतीवर लावा.

शिकवताना क्रम असा ठेवा. मुलाला पहिले उत्तर त्याच्या भाषेत देऊ द्या. ‘मना बाप वावरमा ग्या’ असे तो म्हणाला, तर प्रथम त्याने सांगितलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्या: कोणत्या वावरात, काय काम चालले आहे, तू परवा गेला होतास का. मग तेच वाक्य तुमच्या बोलण्यात सहज ‘वडील शेतात गेले आहेत’ असे येऊ द्या. ‘असे नाही, असे म्हण’ हे शब्द टाळा, कारण ते ऐकताच मुलाचे लक्ष आशयावरून उडून स्वतःच्या चुकीवर जाते. लेखनाकडे वळताना मुलांनी त्यांच्या भाषेत सांगितलेली गोष्ट फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर देवनागरीत जशीच्या तशी लिहा आणि उजव्या अर्ध्यावर सर्वांनी मिळून तिची मराठी करा. दोन्ही बाजूंची तुलना करताना मुले आपणहून प्रत्यय शोधतात, आणि व्याकरणाचा पाठ वेगळा घ्यावा लागत नाही. पहिली-दुसरीत हे काम अधिक सावकाश करा. तिथे ऐकणे आणि बोलणे यांवरच पहिले सत्र गेले तरी काही बिघडत नाही.

या पायरीवरचे दोन धोके लक्षात ठेवा. पहिला असा की काही शिक्षक मुलांच्या बोलीतली चार वाक्ये शिकतात आणि ती पाहुण्यांसमोर किंवा स्नेहसंमेलनात हशा पिकवण्यासाठी वापरतात. मुले त्या हशात सामील होतात, पण त्यानंतर शब्द देणे बंद करतात. दुसरा धोका कमी लक्षात येतो. मराठी चांगली येणारी दोन-तीन मुले लवकरच वर्गाची दुभाषी होतात आणि शिक्षक प्रत्येक वेळी त्यांच्याकडेच वळतो. इतरांचे बोलणे मग त्यांच्यामार्फतच तुमच्यापर्यंत येऊ लागते, आणि त्यात गाळले जाणारेही पुष्कळ असते. दुभाष्याचे काम आठवड्याने बदला आणि अर्धवट समजले तरी मुलाचे म्हणणे थेट ऐका.

पालक कधीकधी विचारतात की मुलांना शाळेत पाठवले ते मराठी-इंग्रजी शिकायला, घरची भाषा शिकवण्याची काय गरज? हा प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत फळ्याचे दोन्ही अर्धे दाखवा आणि मुलालाच मराठी बाजू वाचून दाखवायला सांगा.

४. वर्गाचे नियम दोन्ही बाजूंना लागू करा

जूनमध्ये बहुतेक वर्गांत नियमांची यादी लागते आणि ती सगळी मुलांसाठी असते. तुमच्या यादीला दोन भाग असू द्या. मुले काय पाळणार, हे मुलांनी चर्चा करून ठरवावे. शिक्षक काय पाळणार, हेही त्यांनीच सुचवावे आणि तुम्ही मान्य केलेले तेवढेच लिहावे. मुले साधारणपणे वेळेवर यावे, वर्गात फोनवर बोलू नये, तपासलेल्या वह्या ठरलेल्या दिवशी परत द्याव्यात, एकाच्या चुकीबद्दल सगळ्यांना बोलू नये, अशा गोष्टी मागतात. त्या सर्व रास्त असतात. ऑनलाइन माहिती तातडीने भरण्याचा आदेश कार्यालयातून येतो आणि फोन हातात घ्यावाच लागतो, हे खरे आहे. तेव्हा ‘मला दहा मिनिटे हे काम करावे लागेल’ असे वर्गाला सांगा, आणि दहा मिनिटांनी खरोखर थांबा. नियम मोडला तर मुलांकडून ऐकून घ्या आणि भरपाई करा.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. ‘थोडा धाक हवाच, तुम्ही मारा, आम्ही काही म्हणणार नाही’ असे एखादे पालक प्रेमाने सांगतील. त्यांचा विश्वास मान्य करा, पण मी मारणार नाही हेही त्याच बैठकीत स्पष्ट सांगा. टोमणा, जातीवरून वा कपड्यांवरून केलेला उल्लेख, कोपऱ्यात उभे करणे हे सारे मानसिक छळातच मोडते.

५. जे मुलांना येते, ते अभ्यासात आणा

रावेरकडच्या पाचवीतल्या मुलाला केळीच्या मृगबाग आणि कांदेबाग या दोन हंगामांतला फरक, लागवडीचा महिना आणि घड कधी कापतात हे ठाऊक असते. नंदुरबारजवळच्या मुलाने मिरचीच्या पथारीवर काम पाहिलेले असते. धडगावच्या मुलीला मोह कधी टपकतो, पहाटे कधी निघावे लागते आणि आमचूर कसे वाळवतात हे सविस्तर सांगता येते. सारंगखेड्याजवळच्या मुलांनी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचे व्यवहार ऐकलेले असतात. हे ज्ञान शिक्षकाकडे सहसा नसते, आणि म्हणूनच त्याची देवाणघेवाण खरी होऊ शकते. माहीत असलेल्या गोष्टीचा प्रश्न विचारून मुलांची ‘परीक्षा’ पाहणे आणि माहीत नसलेली गोष्ट समजून घेणे, यांतला फरक मुले पहिल्या मिनिटात ओळखतात.

आठवड्यातून एक तास यासाठी ठरवून ठेवा. त्या तासाला मुले सांगतील आणि तुम्ही टिपणे घ्याल. पुढच्या आठवड्यात त्या टिपणांतून गणिताची उदाहरणे, परिसर अभ्यासाचा प्रश्न किंवा भाषेचा उतारा तयार करा आणि त्याखाली ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे घाला. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. गुणाकार, दशांश आणि सरासरी शिकवायला याहून चांगले साहित्य विकत मिळत नाही. मात्र ‘तू किती किलो वेचलास, किती पैसे मिळाले?’ असे कुणालाही वैयक्तिक विचारू नका. एक तर त्याने घरची परिस्थिती उघडी पडते, दुसरे म्हणजे मुलाने शाळा बुडवून केलेले काम तुम्ही कौतुकास्पद ठरवता. उदाहरणातले कुटुंब काल्पनिक ठेवा.

गावाचा नकाशाही याच तासात काढून घ्या. मोठ्या कागदावर मुले आधी आपापले घर आणि शाळेचा रस्ता दाखवतील, मग नाला, हातपंप, पावसाळ्यात बंद होणारी वाट. कोणते मूल पावसात का येऊ शकत नाही, हे तुम्हाला त्या कागदावरून कळेल.

मुलांनी लिहिलेले मुलांनाच वाचायला मिळावे यासाठी हस्तलिखित हा उत्तम मार्ग आहे, आणि त्याची परंपरा याच भूमीत आहे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक चालवीत. रोज जमणार नाही, पण पंधरवड्यातून एकदा एक पान भिंतीवर लागू शकते. त्यात तुमचाही मजकूर असावा, आणि संपादन मुलांनी करावे. तुमचे वाक्य त्यांनी खोडले तर खोडलेले राहू द्या.

६. घरभेटी

कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांशी नियमित बैठका घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. तरीही शाळेतल्या सभेला जे येतात त्यांच्या घरची अडचण बहुधा कमीच असते. ज्यांना भेटायला हवे ते शेतावर असतात, म्हणून घरी जावे लागते.

वेळ नीट निवडा. कापूस वेचणीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, अंधार पडेपर्यंत घरी कुणी भेटत नाही. आठवडे बाजाराचा दिवस टाळा. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटल्यावर लगेच भर उन्हात जाऊन माणसांची झोपमोड करू नका, संध्याकाळी जा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खानदेशातली देवी घरोघरी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. त्या दिवसांत घरे पाहुण्यांनी भरलेली असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात. सातपुड्यात होळीच्या आधी भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींच्या सणाचे, बाजार भरतात आणि त्या आठवड्यात शाळेचा पट निम्मा होतो, हे गृहीत धरा. या सणांना बोलावणे आले तर अवश्य जा. तिथे शाळेचा विषय काढू नका.

डोंगरी भागात गाव म्हणजे दूरदूर विखुरलेले पाडे असतात आणि नर्मदेकाठच्या काही पाड्यांवर बोटीनेच जाता येते. एका फेरीत तीन-चार घरांपेक्षा जास्त ठरवू नका. वाट दाखवायला त्या पाड्यावरचीच मुले बरोबर घ्या, आणि वाटेत त्यांच्याकडून झाडांची नावे शिका.

पहिल्या भेटीला तक्रार घेऊन जाऊ नका. हा नियम पाळला तर पुढच्या सगळ्या भेटी सोप्या होतात. मुलाविषयी खरी आणि नेमकी अशी एक चांगली गोष्ट सांगा: ‘आबा, तुमच्या नातवाने पाझर तलावात पाणी कुठून येते ते वर्गाला समजावून सांगितले.’ ‘मुलगा हुशार आहे’ असे मोघम बोललात तर पुढे तक्रारच येणार, असे पालक ओळखून असतात. दिलेल्या खाटेवर बसा, पाणी प्या, चहा आला तर घ्या. जेवणाचा आग्रह झाला तर एकदा तरी मान्य करा. मात्र ज्या घरी जेवलात त्याच वस्तीतल्या इतर घरांतही बसा, नाहीतर कोणत्या घरचे पाणी मास्तर घेतो आणि कोणत्या घरचे घेत नाही, याची चर्चा होते आणि ती मुलांपर्यंत पोहोचते.

नंतर विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. मूल घरी काय करते, कोणाशी जास्त बोलते, शाळेविषयी काय सांगते, कशाला घाबरते? आजी-आजोबांकडे गाणी, कोडी, कहाण्या असतील तर त्या एखाद्या दिवशी शाळेत येऊन सांगाल का, असे विचारा. अक्षरओळख नसलेले पालक शाळेच्या फाटकातून आत यायला संकोचतात. शाळेला त्यांच्याकडून काही हवे आहे हे कळले की तो संकोच कमी होतो. कर्ज, व्यसन, कौटुंबिक भांडण, जमिनीचे वाद यांविषयी आपणहून काही विचारू नका. जातीचा दाखला, आधार, बँक खाते ही कामे असतील तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. पहिल्याच भेटीत कागद मागितले की तुम्ही सरकारी माणूस ठरता.

घरी फक्त स्त्रिया वा मुलीच असतील तर शिक्षकाने ओसरीतूनच बोलावे किंवा पुन्हा यावे. शिक्षिकांनी दूरच्या पाड्यावर एकटीने जाऊ नये. अंगणवाडी सेविकेला किंवा समितीतल्या एखाद्या महिला सदस्याला बरोबर घ्यावे. आल्यावर त्याच रात्री दोन-चार ओळी नोंदवहीत लिहा, आणि घरी ऐकलेली कोणतीही गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गात बोलू नका.

७. स्थलांतरित होणाऱ्या मुलांचे नाते तुटू देऊ नका

दिवाळीनंतर नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोली-सुरतेच्या बाजूला जातात. मूल बरोबर गेले की काही शिक्षकांच्या लेखी ते ‘गळते’. तुमच्या लेखी तसे होऊ नये.

ऑक्टोबरमध्येच कोण जाणार हे विचारा. मूल मागे ठेवता येण्यासारखे असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांकडे करा. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हाती द्या आणि ते तिथल्या शाळेत दाखवायचे असते हे समजावून सांगा. शाळा बदलावी लागलीच तर दाखला ताबडतोब मिळणे हा मुलाचा हक्क आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हेही सांगा. पालकांचा फोन क्रमांक घ्या. वर्गातली मुले आठवड्यातून एकदा त्यांच्या मित्राशी बोलू शकतात.

परत आलेल्या मुलाचे स्वागत कसे होते यावर त्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते. ‘इतके दिवस कुठे होतास?’ हा प्रश्न रागाने विचारला गेला तर ते आठवड्यात शाळा सोडील. त्याची बसण्याची जागा आणि वही तशीच ठेवा. ते नवी जागा, नवी भाषा आणि नवी माणसे पाहून आलेले असते. त्याला गुजराती अंक आणि अक्षरे येत असतील तर ती वर्गाला शिकवू द्या. मग मागे पडलेला अभ्यास एका जोडीदाराबरोबर भरून काढा.

८. मुलांचा अभिप्राय घ्या आणि त्याचा हिशेब द्या

महिन्यातून एकदा, नाव न लिहिता, दोन प्रश्नांची उत्तरे मागा: या महिन्यात काय समजले नाही, आणि मी काय वेगळे करावे? लहान वर्गात दोन डबे ठेवा आणि प्रत्येकाला एक चिंचोका द्या. धडा कळला असेल तर एका डब्यात, नसेल तर दुसऱ्यात. तुम्ही त्या वेळी वर्गाबाहेर उभे राहा.

अभिप्राय घेणे सोपे असते. त्याचे पुढे काय झाले हे सांगणे राहून जाते, आणि मुलांचा विश्वास तिथेच उडतो. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगा: तुम्ही तीन गोष्टी मागितल्या, त्यांतली ही आजपासून करतो, ही पुढच्या महिन्यात करीन, आणि ही करता येणार नाही, त्याचे कारण असे आहे. अक्षर कुणाचे हे ओळखू आले तरी ओळख दाखवू नका.

वह्यांमध्ये नुसती बरोबरची खूण आणि सही करण्याऐवजी एक प्रश्न लिहा आणि मुलाला त्याखाली उत्तर लिहू द्या. तीस मुलांच्या वर्गात रोज पाच वह्या घेतल्या तर आठवड्यात सगळ्यांची पाळी येते.

९. मर्यादा

जवळीक वाढली की मर्यादा अधिक काटेकोर पाळाव्या लागतात. मुलांना स्वतःच्या घरकामाला, चहा-तंबाखू आणायला, गाडी धुवायला सांगू नका. ‘सेवा’ म्हणून ती आनंदाने करतील, तरी नाही. पैसे देऊन घ्यायची खासगी शिकवणी कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला वर्ज्य आहे. शेतातला भाजीपाला, कोंबडी, पहिले कणीस असे काही पालक आणून देतात. परत पाठवले तर मन दुखावते, म्हणून ते पोषण आहाराच्या स्वयंपाकात सर्वांसाठी द्या. मुलाशी एकट्याने बोलायचे असेल तर दार उघडे असलेल्या, लोकांना दिसेल अशा जागी बोला. आश्रमशाळेत मुलींच्या निवासाच्या बाजूला पुरुष शिक्षकाने जाऊ नये; काम असेल तर अधीक्षिकेमार्फत करावे.

विश्वास बसला की मूल कधीतरी गंभीर गोष्ट सांगते. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन त्या वेळी देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी शंका आली तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाला खोदून प्रश्न विचारू नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा, आणि गावात मिटवण्याची भाषा सुरू झाली तरी थांबू नका. बालविवाह, मारहाण किंवा हरवलेले मूल यांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहा आणि तो कशासाठी आहे हे त्यांच्या भाषेत समजावून सांगा.

१०. बदली होताना

बदलीचा आदेश आला की मुलांना तो तुमच्याकडून कळावा, गावाकडून नव्हे. तारीख सांगा, पुढे कोण येणार हे माहीत असेल तर तेही सांगा. परत भेटायला येईन असे वचन जमणार असेल तरच द्या.

येणाऱ्या शिक्षकासाठी शब्दांची वही, गावाचा नकाशा, सणांच्या आणि स्थलांतराच्या महिन्यांचा तक्ता, दोन भागांची नियमावली आणि हस्तलिखिताची पाने शाळेत ठेवा. मुलांविषयीची खासगी नोंदवही ठेवू नका. त्यातले जे नव्या शिक्षकाला समजणे मुलाच्या हिताचे आहे तेवढे समक्ष भेटून सांगा आणि वही नष्ट करा. शब्दांच्या वहीत पुढची कोरी पाने शिल्लक आहेत ना, हे पाहून घ्या आणि ती कशी वापरायची हे नव्या शिक्षकाला दाखवण्याचे काम वर्गातल्या दोन मुलांकडे सोपवा.